गुडघा वाकत होता, म्हणून कुणी ऐकलं नाही

अन्याय माझ्यावर झाला. मी मीनल, वय एकोणतीस, राहणार विश्रांतवाडी. वेळ: गेल्या दिवाळीनंतरचा दुसरा मंगळवार, सकाळचे दहा वाजून गेलेले. जागा: पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाचं ऑपरेशन थिएटर. माझा उजवा गुडघा उघडलेला होता, कमरेखाली सगळं बधिर होतं, तोंडासमोर हिरवा पडदा होता आणि मी जागी होते. पडद्यापलीकडून हाताखालचे डॉक्टर म्हणाले, "सर, वाकवल्यावर सैल लागतंय. नडगी पुढे येतेय."

सर्जन म्हणाले, "सरळ केल्यावर घट्ट आहे ना? मग असू दे. हिला मांडी घालायचीय."

हे ऐकून मला आनंद झाला. तेही लिहून ठेवते, लपवत नाही. मला वाटलं, किती भला माणूस, माझं म्हणणं लक्षात ठेवलंय. 'सैल' म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

त्या 'असू दे'चे अकरा महिने मी भोगतेय. हे लिहिताना पाय उशीवर आहे, गुडघ्यात पाणी आहे आणि त्याच गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. बरं होऊन मग निवांत लिहायचं असतं म्हणे. बरी होईन की नाही हेच मला ठाऊक नाही, म्हणून आत्ता लिहितेय.

सांधा उरलेला नाही

संधिवात मला पंधराव्या वर्षी झाला. लोकांना वाटतं हा म्हाताऱ्यांचा आजार. माझ्या वर्गातल्या मुली स्कूटी शिकत होत्या तेव्हा मी सकाळी वेणी घालायला आईला हाक मारत होते, कारण बोटं मिटत नव्हती. गोळ्यांनी हात वाचले, डावा गुडघा निम्मा वाचला. उजवा गेला.

ज्या दिवशी 'गेला' हे कळलं तो दिवस साधा होता. सर्जननी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि पेन फिरवलं. "ही वरची हाडं, ही खालची. मध्ये जागा दिसते का तुम्हाला?"

"नाही."

"मलाही नाही. सांधा उरलेलाच नाही. बदलावा लागेल."

आई शेजारी बसली होती. आम्ही मूळचे यवतमाळकडचे. बाबा इथे कारखान्यात लागले म्हणून आलो. बाबा गेले, बावीस वर्षं झाली पुण्यात येऊन, पण आईची बोली तशीच राहिली आहे. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, अवं पोरीचं लग्न नाही झालं अजून."

सर्जन हसले. "गुडघ्याचं आणि लग्नाचं काही नातं नाही, आई."

मी तेव्हा आईवर चिडले. आज वाटतं, तिला दुसरं काही सुचलं नाही म्हणून ते आलं तोंडून. पोरीच्या अठ्ठाविसाव्या वर्षी हाडं कापणार हे ऐकल्यावर कुठल्या आईला नीट वाक्य सुचतं?

मागणी माझीच होती

मी फुटपाथसाठी भांडते. पगारी नोकरी दुपारपर्यंत एका छापखान्यात, उरलेला वेळ यात. आळंदी रस्त्यावर शाळेत जाणारी पोरं, काठी टेकत चालणारी माणसं, बाळाला कडेवर घेतलेल्या बायका रस्त्याच्या मधून चालतात, कारण फुटपाथवर एकतर गाड्या असतात नाहीतर फुटपाथच नसतो. आम्ही दहाबारा जण पत्रकं काढतो, वाटतो, आणि कुणी ऐकलं नाही की महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या दारात जमिनीवर बसतो. खुर्च्या मांडून धरणं देता येत नाही. खुर्ची दिसली की साहेबाला वाटतं सत्कार आहे.

म्हणून सर्जनना मी पहिल्याच भेटीत सांगितलं, "मला बाकी काही नको. मला जमिनीवर मांडी घालून बसता आलं पाहिजे."

"बसवू की," ते म्हणाले. "आमच्याकडे सगळे तेच मागतात. आपल्याकडे माणसाला मांडी लागतेच. देवापुढे, पंगतीत, सगळीकडे."

मी वर म्हटलं, "आश्वासन नकोय, काम पाहिजे." असं बोलायची सवय आहे मला. समोरच्याने मान डोलावली की मला वाटतं आपण जिंकलो. मागणी मान्य झाली की तिच्यासोबत काय काय येतं, हे मी कुठल्याही साहेबाला नेमकेपणाने विचारते. इथे विचारलं नाही. इथे मी नुसती खूश झाले.

दोन जागा, एक चकती

पुस्तकी माहिती मी देणार नाही. पण एवढं एक समजून घ्या, कारण मला ते अकरा महिन्यांनी समजलं.

गुडघा बदलतात म्हणजे हाडांची खराब टोकं कापतात, त्यावर धातू बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची चकती घालतात. हाडं मात्र धरून ठेवतात ती लिगामेंटं, म्हणजे दोन्ही बाजूंचे आणि आतले चिवट पट्टे. ते आपले आपल्याजवळच राहतात. त्यांच्या ताणावर सगळं उभं असतं. सर्जनने टेबलावरच पाय सरळ करून ताण तपासायचा असतो आणि नव्वद अंशात वाकवूनही तपासायचा असतो. दोन्ही वेळा हाडांमधली जागा सारखी भरली पाहिजे, डावीकडे आणि उजवीकडे सारखी. एका स्थितीत घट्ट आणि दुसऱ्या स्थितीत ढिलं असेल तर पुन्हा कापायचं, पट्टा सोडवायचा, चकती बदलायची. वेळ लागतो. पण तो वेळ तेव्हाच असतो. शिवल्यावर नसतो.

आम्ही रस्त्यावर बॅनर बांधतो. समोरून बघितलं तर ताठ दिसतो. वारा आला की कळतं कुठली दोरी ढिली राहिलीय. माझा गुडघा सरळ असताना ताठ होता. एक्स-रे सरळ पायाचाच काढतात.

आदर्श रुग्ण

ऑपरेशननंतर वॉर्डात एकच गोष्ट मोजतात: गुडघा किती वाकला. सकाळी राउंड आला की प्रत्येक खाटेपाशी तोच प्रश्न. "आज किती?" शेजारच्या खाटेवरच्या शिंदे आजी नव्वदच्या पुढे जात नव्हत्या. रोज रडायच्या. फिजिओ करणारी मुलगी त्यांचा पाय दाबायची आणि त्या तिच्या सात पिढ्यांना हाका मारायच्या.

माझा तिसऱ्या दिवशी एकशे दहा. टाके काढले तेव्हा एकशे पंचवीस. फारसं दुखतही नव्हतं, पाय आपोआप मागे जायचा.

"वा!" सर्जन म्हणाले. बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, "बघून घ्या."

शिंदे आजी म्हणाल्या, "तुझं बरंय बाई. तरण्या हाडांचं सगळं सोपं." नंतर आईला हळूच म्हणाल्या, "काय खायला घालता हो हिला?"

आईची मान ताठ झाली. "ज्वारीची भाकर," ती म्हणाली.

आठव्या आठवड्यात सर्जननी मला मांडी घालून बसवलं आणि मोबाईलवर व्हिडिओ काढला. माझी परवानगी घेतली, मी आनंदाने दिली. ओपीडीच्या बाहेर भिंतीवर टीव्ही आहे, त्यावर तो लागायला लागला. मागे सनईसारखं संगीत. मी मांडी घालते, हात जोडते, हसते.

पुढचे सगळे महिने मी त्याच टीव्हीखाली, त्याच गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून, माझा नंबर येण्याची वाट बघत बसले. एकदा एका काकूंनी टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तूच ना ती? मग इथे काय करतेस?"

मी बर्फाची पिशवी उचलून दाखवली.

तीन मजले

आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. चढताना हाताने कठडा धरून जमायचं. उतरताना पाय पायरीवर ठेवला की गुडघ्यातलं वरचं हाड खालच्यावरून पुढे घसरल्यासारखं व्हायचं. आवाज यायचा, टक. दुखणं नंतर. आधी ती घसरण. आपल्याच शरीरात आपण पाय ठेवलेली जागा हलते, हे ज्याला झालं नाही त्याला सांगून कळत नाही. मी थांबायचे, कठडा दोन्ही हातांनी धरायचे, मग पाऊल टाकायचे. प्रत्येक पायरीला.

आई माझ्या मागे चालायची, माझ्या कुडत्याची पाठ मुठीत धरून.

"सोड गं, फाटेल."

"फाटू दे. मी धरतो ना तुले."

एकोणतीस वर्षांच्या बाईला आई कुडत्याला धरून खाली उतरवते हे पहिल्या मजल्यावरचे सगळे बघायचे. मग मी उलटी उतरायला लागले, लहान मूल उतरतं तशी, तोंड जिन्याकडे करून. एका पावसाळी दुपारी तशीही पडले. जिना वळतो त्या खालच्या चौकात हनुवटी आपटली. टाके पडले दोन. आई माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि पदराने रक्त पुसत राहिली.

माझा भाऊ, दादा, हिंजवडीला कंपनीत आहे. सकाळी कंपनीच्या बसने जातो, ट्रॅफिकमध्ये शिजून परत येतो. माझ्या ऑपरेशनसाठी त्याने सगळी रजा संपवली होती. ऑफिसात सगळ्यांना माझा मांडीचा व्हिडिओ दाखवला होता. पडल्याच्या दिवशी तो घरी आला आणि म्हणाला, "एक्सरसाइज करतेस का तू सांगितलेला?"

"रोज दोनदा."

"मग? एक्स-रे नॉर्मल, डॉक्टर म्हणतात नॉर्मल, एकशे तीस वाकतोय. सगळे खोटे आणि तू खरी?"

"हो."

"तुला ना भांडायला कुणीतरी लागतं, मिनू. कॉर्पोरेशन नसेल तर डॉक्टर."

मी पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. लागला त्याच्या कपाटाला. दोन आठवडे आम्ही बोललो नाही. पण त्याच आठवड्यात जिन्याच्या प्रत्येक चौकात एकेक प्लास्टिकचं स्टूल आलं. कुणी ठेवलं ते कुणी सांगितलं नाही. खालच्या जोशीकाकांनी कागद चिकटवला: 'हे स्टूल आजारी व्यक्तीसाठी आहे. चपला ठेवणाऱ्याने आपणही आजारी आहोत असे समजावे.' त्या वर्षातली माझी हसण्याची एकमेव वेळ ती.

फार विचार करता तुम्ही

पाच वेळा गेले सर्जनकडे. पाचही वेळा तेच. मी टेबलावर झोपायचे, ते पाय सरळ धरून डावीकडे उजवीकडे हलवायचे, मग पूर्ण वाकवायचे. "सुंदर वाकतोय." एक्स-रे बघायचे. "सुंदर बसलाय."

पहिल्या वेळी म्हणाले, सूज आहे, उतरेल. दुसऱ्या वेळी, मांडीचा स्नायू अशक्त आहे. तिसऱ्या वेळी सुईने पाणी काढून तपासलं, जंतू नव्हते. चौथ्या वेळी गोळ्या वाढवल्या. पाचव्या वेळी पेन खाली ठेवलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "मीनल, तुम्ही फार विचार करता. गुडघा मी बदलला, मन कसं बदलणार? सकारात्मक राहा."

"सर, पाय सरकतो."

"तुम्हाला सरकल्यासारखा वाटतो."

आई मध्ये बोलली. "नाही ना साहेब, सरकतेच. मी मागून धरतो तिले, मले हातात समजते."

"आई, तुम्ही तिला धरणं बंद करा. तुम्ही धरता म्हणून ती घाबरते."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "काहून वं, माझ्यामुळे होते का हे?" तिने खरोखर विचारलं. मला तिथे ओपीडीच्या फरशीवर आडवं पडावंसं वाटलं. आणि त्यानंतर चार दिवस तिने मला धरलं नाही. मी घरातून बाहेर पडलेच नाही, त्यामुळे प्रश्न आला नाही.

आता खरं लिहिते. जूनपासून ऑगस्टपर्यंत मी जिना उतरले ते फक्त डॉक्टरसाठी. छापखान्यातली नोकरी गेली. आमचे लोक घरी येऊन पत्रकाचा मजकूर घेऊन जायचे. मी खाटेवर बसून लिहायचे, 'चालणं हा प्रत्येकाचा हक्क आहे', आणि कागद दिल्यावर भिंतीकडे तोंड करायचे. मी आईला म्हटलं होतं, पाय कापून टाकायला सांगू या. चिडून नव्हे, हिशोबाने बोलल्यासारखं. नसलेला पाय निदान सरकत तरी नाही. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

सगळ्यात वाईट वेदना नव्हती. सगळ्यात वाईट हे, की मलाही वाटायला लागलं होतं, हे डोक्यातलं असेल. मी! जी क्षेत्रीय अधिकाऱ्याच्या तोंडावर त्याचं पत्र वाचून दाखवते, ती मी स्वतःच्या गुडघ्याला खोटं म्हणायला लागले होते.

टेबलाच्या कडेला

शबानाताईंचं छोटं फिजिओचं केंद्र आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. तळमजला. म्हणूनच गेले, दुसरं कारण नाही. त्यांच्या आजोबांपासूनचं घर कॅम्पात, बोलणं अस्सल पुणेरी. मी फाइल पुढे केली. त्या म्हणाल्या, "ती ठेवा बाजूला. कधी सरकतो ते सांगा."

"उतरताना. आणि खुर्चीतून उठताना."

"म्हणजे वाकलेला असताना."

"हो."

"मग वाकलेला असतानाच बघू या ना. झोपू नका. इथे बसा, कडेला. पाय खाली सोडा. सैल."

मी बसले. त्या समोर स्टुलावर बसल्या, माझं पाऊल स्वतःच्या गुडघ्यांत अडकवलं, दोन्ही हातांनी नडगी धरली आणि अलगद पुढे ओढली.

पाय पुढे आला. कपाटाचा खण ओढावा तसा. मग त्यांनी ढकलला, मागे गेला. टक.

आई ओरडली, "तेच! तेच ते!"

शबानाताईंनी हात काढले. मग म्हणाल्या, "असं बसवून तपासलं नाही कुणी?"

"नाही. सगळे झोपवूनच बघतात. किती वाकतो ते."

"वाकणारच हो. अडवणारं काही ताणलेलंच नाही आत. मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही. पण हे तुमच्या मनात नाहीये. हे आत्ता माझ्या हातांना लागलं."

मी रडले. मोठ्याने, नाक वाहेपर्यंत. आई माझ्या पाठीवर हात फिरवत शबानाताईंना म्हणत राहिली, "मले समजत होतं ना बाई, हातात समजत होतं." दहा महिने. आणि तपासायला एक मिनिटही लागलं नव्हतं.

एक ओळ नसलेला कागद

त्यांनीच दुसऱ्या सर्जनचं नाव दिलं. बाई आहेत, पन्नाशीच्या, मोजकं बोलतात. त्यांनीही कडेला बसवलं, ओढून बघितलं आणि म्हणाल्या, "ऑपरेशनची नोंद आणा. काय केलं ते वाचल्याशिवाय मी हात लावणार नाही."

पहिल्या रुग्णालयाच्या नोंदी विभागात गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं. "कशाला हवीय?"

"माझ्या गुडघ्यात काय आहे ते बघायला."

"गुडघा बरोबर आणलाय ना? मग त्यातच आहे."

"अर्ज आणलाय. पोच द्या."

पोच हा शब्द ऐकला की पुण्यातलं कुठलंही कार्यालय तुम्हाला ओळखतं. चार दिवसांत कागद मिळाला. दीड पान. कुठून कापलं, कुठल्या मापाचे भाग, किती टाके. शेवटी लिहिलेलं: वाकण्याची क्षमता उत्तम. लिगामेंटचा ताण सरळ असताना किती, वाकवल्यावर किती, यावर एक ओळ नाही. 'सर, सैल लागतंय' असं एक माणूस त्या खोलीत मोठ्याने बोलला होता. कागदावर तो बोललाच नव्हता.

मी तो कागद घेऊन सर्जनकडे गेले. सहावी वेळ. या वेळी टेबलावर झोपले नाही, कडेला बसले. "असं ओढून बघा," म्हटलं.

त्यांनी ओढलं. त्यांच्या हातांना कळलं. मी त्यांचा चेहरा बघत होते, मला दिसलं की कळलं.

"तेव्हा तुमचे सहकारी म्हणाले होते, सैल लागतंय. मी जागी होते."

त्यांनी माझा पाय अलगद खाली सोडला. मग म्हणाले, "मीनल, मांडी तुम्हीच मागितली होती. थोडं सैल ठेवलं की वाकायला बरं पडतं. तुमच्यासाठीच केलं मी ते."

मी कागदाची घडी केली आणि उठले. कारण ते खोटं बोलत नव्हते. त्यांना माझं वाईट करायचं नव्हतं. मी हट्ट धरला, त्यांनी पुरवला. मी घरी आले आणि दोन दिवस तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिले. लढायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दादा माझ्या खाटेशी येऊन बसला. हातात तो कागद. म्हणाला, "समज, आमच्याकडे क्लायंटने एखादं फीचर मागितलं, आणि ते दिलं तर सिस्टिम कोसळणार आहे हे मला माहितेय. मी गप्प बसून देऊन टाकलं, तर चूक कुणाची?"

"तुझी."

"मग झोपलीस कशाला?"

इतकंच. सॉरी वगैरे आमच्याकडे म्हणत नाहीत.

तो म्हणाला ते बरोबर होतं. मी मांडी मागितली तेव्हा तिच्या बदल्यात काय जाईल हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं. 'मांडी हवी असेल तर जिना जाईल' हे एक वाक्य मला कुणी सांगितलं असतं, तर मी स्टुलावर बसून आयुष्यभर धरणं दिलं असतं. चूक सैल ठेवण्यात आहेच. पण ते मला न सांगण्यात आणि कागदावर न लिहिण्यात त्याहून मोठी आहे. लिहिलं असतं तर फाइल उघडणाऱ्या कुठल्याही डॉक्टरने पहिल्याच दिवशी मला टेबलाच्या कडेला बसवलं असतं. दहा महिने वाचले असते.

पुढचा आठवडा

नव्या सर्जनबाईंनी काहीच गोड सांगितलं नाही. "तुमच्या आजारात लिगामेंटं आधीच मऊ पडतात. तुमच्या बाबतीत ताण दुप्पट काळजीने बघायला हवा होता. आता जुनं काढताना आणखी हाड जाईल. आतमध्ये आधार असलेला मोठा सांधा बसवावा लागेल. वाकणं कमी होईल. मांडी विसरा."

"जिना?"

"उतरता यावा म्हणूनच करतोय."

"नक्की?"

"नाही. नक्की नाही. मी सरळ आणि वाकवून दोन्ही वेळा तपासेन, दोन्ही बाजूंनी, आणि जे सापडेल ते लिहीन. चांगलं सापडलं तरी, वाईट सापडलं तरी. कागद तुम्हाला घरी जाताना मिळेल. याच्यापुढे शब्द देत नाही."

आई म्हणाली, "म्हणजे पुन्हा बिघडू शकते?"

"शकतं."

मला भीती वाटते. दुसऱ्यांदा उघडलेला गुडघा तिसऱ्यांदा उघडायला फारसं काही शिल्लक नसतं हे मी विचारून घेतलंय. मी तिशीच्या अलीकडे आहे. पायऱ्या अजून खूप आहेत. आणि त्या टेबलावर कुणाच्या तरी हातांना ताण नीट जाणवण्यावर ते सगळं टांगलेलं आहे. मी जागी असेन. कान उघडे ठेवीन. पण पडद्याअलीकडून मी काय करणार आहे?

मी तेव्हा काही करू शकत नाही. तुम्ही आज करू शकता.

तुमच्या घरात, इमारतीत, ऑफिसात गुडघा बदललेलं कुणी तरी आहे. आई असेल, सासरे असतील, समोरच्या दारातल्या काकू असतील. हे वाचून खाली ठेवलंत की त्यांच्याकडे जा. किती वाकतो ते विचारू नका, ते सगळ्यांनी विचारून झालंय. विचारा, "जिना उतरताना पायाचा भरवसा वाटतो का?" आणि उत्तर 'नाही' आलं, तर व्यायाम सांगू नका, धीर देऊ नका, हसू नका. त्यांना घेऊन डॉक्टरकडे जा, टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवा आणि म्हणा: "असं बसलेलं असताना तपासा, आणि काय सापडलं ते आमच्यासमोर लिहा." लिहीपर्यंत तिथून हलू नका.